मदत हवी आहे: पुढची काच बदलल्यापासून गाडीत वाऱ्याची शिट्टी

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे. समृद्धीवर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि पुढच्या काचेला तडा गेला. विम्यातून काच बदलून घेतली. तेव्हापासून काटा नव्वदच्या पुढे गेला की डाव्या बाजूने, आरशाच्या थोडं वर, बारीक आवाज सुरू होतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी सूंऽऽ करते, अगदी तसा. शंभरला तो सलग होतो, आणि समृद्धीवर मुभा असलेल्या १२० ला रेडिओ लावूनही झाकला जात नाही. शहरात काहीच नाही.

डाव्या सीटवर आई बसते. तिला श्रवणयंत्र आहे. वयोमानाने आधी कमी होतं ते वरच्या पट्टीतलं ऐकू येणं, त्यामुळे यंत्र नेमके तेच आवाज मोठे करून देतं. शिट्टी सुरू झाली की तिचं डोकं चढतं, ती यंत्र काढून पर्समध्ये ठेवते, आणि मग सिन्नरपासून नागपूरपर्यंत आमचं बोलणं बंद. आता बहिणीकडे जायचं म्हटलं की "रेल्वेने जाऊ" म्हणते. म्हणून हे मनावर घेतलंय.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, "हायवेला सगळ्याच गाड्या आवाज करतात." हे मला पटत नाही. काँक्रीटवर टायरची घरघर असतेच. डांबरी रस्ता लागला की ती उतरते, शिट्टी मात्र तशीच राहते. दुसरं म्हणजे, डावीकडून वारा असताना एखाद्या लांब ट्रेलरला ओव्हरटेक केलं, तर त्याच्या आडोशाला असेपर्यंत शिट्टी थांबते. त्याची केबिन मागे पडली की लगेच पुन्हा सुरू.

दरवाज्याचं रबर तपासलं. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावलं आणि ओढून पाहिली, सगळीकडे सारखीच घट्ट निघते. एसीची बाहेरची हवा बंद करून पाहिली, फरक नाही. डोअर व्हायझर आणि कॅरियर गाडीला नाहीतच. अॅक्सेसरीवाला चारही दारांना डॅम्पिंग शीट मारून देतो म्हणतोय, खर्च बराच आहे. त्याने ही शिट्टी जाईल का? की काचेचंच काम पुन्हा करून घ्यावं?

प्रतिसाद

डॅम्पिंगवर पैसे घालू नका. ती शीट पत्र्याची थरथर आणि जाडसर घुमणारा आवाज कमी करते. फटीतून येणाऱ्या बारीक शिट्टीवर तिचा उपयोग नाही.

ऐंशीला काही नाही आणि शंभरला असह्य, यात नवल नाही. वाऱ्याचा आवाज साधारण वेगाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जवळजवळ १८ डेसिबलची भर.

आधी जागा पक्की करा. मास्किंग टेप आणा. काचेची डावी कड वरपासून खालपर्यंत, बीडिंग (काचेच्या कडेची रबरी पट्टी) पूर्ण झाकलं जाईल अशी चिकटवा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने जाऊन या. शिट्टी गेली तर टेप वरून थोडी थोडी काढत पुन्हा जा. ज्या तुकड्यानंतर आवाज परत येईल, दोष तिथे. कडेला टेप लावूनही शिट्टी राहिली तर आरशाच्या बुडाशी असलेला प्लास्टिकचा त्रिकोण टेपने झाकून बघा. काच बदलताना आजूबाजूचे भाग काढले असतील तर तो नीट बसलेला नसतो.

दुसरी चाचणी घरीच होते. सगळ्या काचा बंद, ब्लोअर फुल, हवा बाहेरून घेण्यावर. बाहेरून काचेच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर आतल्या सीलंटमध्येच, म्हणजे काच चिकटवणाऱ्या थरातच, फट आहे. नाही आले तर बहुधा वरचं बीडिंग उचललं गेलंय, ते त्या मानाने किरकोळ काम.

बुडबुडे आले तर मात्र वरून सिलिकॉन भरून वेळ मारून नेऊ देऊ नका. पुढची काच पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटने बॉडीला चिकटवलेली असते आणि डाव्या बाजूची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत फुगताना त्याच काचेचा आधार घेते. तिथे तुमची आई बसते. काच कापून, कड साफ करून, प्रायमर लावून पुन्हा बसवून घ्या आणि सीलंट पुरता सुकेपर्यंत गाडी हलवू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. एअरबॅगचं डोक्यातच आलं नव्हतं, आता साबणाची चाचणी आधी करतो. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो, तेव्हा टेप लावून जाऊन येईन, कान द्यायला बहीण सोबत असेल. निकाल इथेच लिहितो.

तोवर दोन गोष्टी कुणी सांगू शकेल का? विम्यातून कॅशलेस बसवलेली काच पुन्हा काढून बसवायची झाली तर सर्व्हिस सेंटर ते आधीच्याच जॉब कार्डवर करतं, की नवीन क्लेम टाकावा लागतो? आणि काढताना तीच काच तडकली तर खर्च कुणाचा? हे कुणी लेखी घेतलं असेल तर काय लिहून घेतलं तेही सांगा.