शिळी भाकर, कच्चे मांस आणि कुत्र्याचे आतडे : एका संदेशाला उत्तर

बांधावरचा (दारव्हा तालुका)

आपल्या गटात ‘रानवारा’ यांनी परवा टाकलेला संदेश मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा डोके फिरले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कुत्रा म्हणजे माणसाळलेला लांडगा. त्याला ज्वारीची भाकर घालणे म्हणजे त्याच्या आतड्यातील जिवाणूंची रोज थोडी थोडी हत्या करणे. म्हणून निरोगी कुत्र्याला फक्त कच्चे मांस द्यावे, आणि ज्याला ते परवडत नसेल त्याने कुत्रा पाळूच नये. हे शेवटचे वाक्य नसते, तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो.

आमच्या शेतावर एकवीस वर्षांपासून कुत्री आहेत. त्यातला वाघ्या अकरा वर्षे जगला. सकाळी आदल्या रात्रीची भाकर वरणाच्या पाण्यात कुस्करून, संध्याकाळी ताकातल्या कण्या, आणि बाजाराच्या दिवशी खाटकाकडची हाडके, एवढाच त्याचा आहार होता. तुरीच्या हंगामात तो रात्रभर माझ्यासोबत जागलीला असायचा, आणि रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर धुऱ्यावर आले की मला जाग येण्याआधी तो तिथे पोहोचलेला असायचा. हे आजारी आतड्याच्या जनावराचे लक्षण आहे काय?

लांडग्याच्या गोष्टीपुरते सांगायचे, तर स्वीडनमधील उप्सला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले आहे की, पिष्ट पचवणाऱ्या एमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडतात. माणसाच्या चुलीजवळ बसता बसता कुत्र्याचे पोट बदलले आहे. ज्यांना लांडगा पाळायचा असेल त्यांनी तो खुशाल पाळावा.

रानवारा (मूळ मोर्शी, हल्ली अमरावती)

भाऊ, ते शेवटचे वाक्य मी मागे घेतो. ते रागात लिहिले गेले आणि तसे लिहायला नको होते. बाकीचा एकही शब्द मी मागे घेत नाही.

तुमच्या उत्तरातली गफलत आधी पाहा. एमायलेज स्वादुपिंडातून येतो, तो जिवाणूंचा नाही. त्याच्या जादा प्रतींवरून कुत्र्याला भात-भाकर पचते एवढेच सिद्ध होते; त्याच्या मोठ्या आतड्यात कोणते जिवाणू नांदावेत, याचा त्या जनुकाशी थेट संबंध लागत नाही. पचनाचा पुरावा देऊन तुम्ही जिवाणूंचा खटला जिंकल्याचे जाहीर केले आहे.

माझ्या लॅब्राडोरला दीड वर्ष पाकिटातले खाणे चालू होते. रोज चार वेळा सैल शौच आणि घरभर वास. कच्च्या कोंबडीवर आणल्यावर दहा दिवसांत शौच घट्ट आणि निम्म्याने कमी झाले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि तुमचा वाघ्या अकरा वर्षे केवळ भाकरीवर जगला, असे समजण्याआधी मेलेली ढोरे टाकतात त्या नाल्यावर तो रात्री किती वेळा जात होता, हे तुम्ही मोजले होते काय? जागलीला सोबत असतो म्हणजे रात्रभर पायाशी बसलेला असतो, असे नव्हे.

वणीची माहेरवाशीण

दोघांचीही भांडणे आहाराभोवतीच फिरत आहेत, म्हणून एक बाई म्हणून मध्ये बोलते. बाळंतपणाकडे तुमचे लक्ष गेलेले नाही. पिलाच्या आतड्यात पहिले जिवाणू येतात ते जन्माच्या वाटेवर, आईच्या चाटण्यातून, दुधातून आणि ती ज्या मातीत व्याली त्या मातीतून. दूध सुटून अन्न सुरू होते तेव्हा ही सगळी वस्ती पुन्हा बदलते. आमची चंपी दर वेळी कडब्याच्या गंजीखाली व्यायची आणि सहा-सात आठवडे पिलांना सोडायची नाही. आता जातिवंत पिलू म्हणून पंचवीस दिवसांचा जीव खोक्यात घालून विकतात, वर पावडरचे दूध पाजायला सांगतात, आणि पिलाचे पोट बिघडले की घेणाऱ्याच्या खाण्यापिण्याला दोष देतात. माझ्या धाकट्या दिराने असेच पिलू आणले होते. ते दोन महिने हगवणीतच होते.

आहाराबद्दल म्हणाल, तर चंपीची दोन पिले आमच्याच अंगणात, एकाच थाळीतून वाढली. एकाला काहीही चालायचे. दुसऱ्याला दूध टेकवले की जुलाब. एक आई, एक अंगण, एक भाकर. तेव्हा सगळ्याच कुत्र्यांना एकच नियम लावणाऱ्यांची मला गंमत वाटते. त्या दुसऱ्याला, मोतीला, जुलाब झाले की मेडिकलमधल्या जुलाब थांबवायच्या गोळ्यांनी दोन दिवसांत आराम पडायचा, हेही सांगून ठेवते.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

ताई, तुमचे सगळे पटले, आणि शेवटच्या वाक्याशी येऊन मी डोक्याला हात लावला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ज्या एका गोष्टीने मला छळले, ती ही गोळी. भाकर की मांस, यावर तुम्ही खुशाल पोळ्यापर्यंत भांडा. पण निरोगी कुत्र्याच्या आतड्यातली वस्ती काही दिवसांत उधळून लावण्याची ताकद या दोहोंपेक्षा प्रतिजैविकात, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या औषधात, जास्त आहे.

तुमची गोळी बहुधा मेट्रोनिडाझोल नावाचे प्रतिजैविकच असणार. संशोधकांनी चांगल्या निरोगी कुत्र्यांना ती दोन आठवडे देऊन पाहिली आहे. त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता घसरली, आणि फ्युजोबॅक्टेरिया गटाचे जिवाणू गोळी बंद करून चार आठवडे झाले तरी पूर्णपणे परतले नव्हते. कुत्र्याच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम हिरॅनोनिस नावाचा एक जिवाणू असतो, जो यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचे रूप बदलतो, आणि ती बदललेली पित्ताम्ले उपद्रवी जिवाणूंना आवर घालतात. या गोळीने पहिला मार बसतो तो त्याच राखणदाराला. राखणदार मारून शेत वाचवल्याचा आनंद मानण्यासारखे हे आहे.

आणि मोती गोळीनेच बरा झाला, हे कशावरून? साधे जुलाब बहुतेकदा दोन-चार दिवसांत आपोआप थांबतात. गोळी दुसऱ्या दिवशी द्यायची आणि चौथ्या दिवशी तिला हार घालायचा, हा प्रकार मी गावोगाव पाहिला आहे.

काउंटरच्या मागून

काका, माझ्या वडिलांचे खेड्यात मेडिकल आहे, म्हणून हे मला लागले आहे आणि मी ते लपवत नाही. तुम्ही पगार घेऊन निवृत्त झालात. आमच्या गावाहून जनावरांचा दवाखाना बावीस किलोमीटरवर आहे, डॉक्टरांकडे चार ठिकाणचा कारभार आहे, आणि मागच्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला एक म्हातारा पोत्यात कुत्रे गुंडाळून आमच्या दारात उभा होता. कुत्रे रक्त हगत होते. माझ्या वडिलांनी त्याला क्लॉस्ट्रिडियम हिरॅनोनिसचे व्याख्यान द्यायला हवे होते काय?

तुमच्यासारखी माणसे निवृत्त झाल्यावर शहाणी होतात. नोकरीत असताना तुमच्या बॅगेतही हीच गोळी असायची. नव्हती म्हणा!

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

होती. मीही ती शेकड्यांनी वाटली आहे आणि त्या वेळी तेच बरोबर समजले जायचे. झाले समाधान?

पण रक्त हगणारे कुत्रे आणि लग्नाच्या पंगतीची उष्टी बुंदी खाऊन पातळ हगणारे कुत्रे यांत काही फरक आहे की नाही? रक्त, ताप, ओकाऱ्या, किंवा लस न टोचलेले लहान पिलू असेल, तर ती पार्व्हो या विषाणूची जीवघेणी लागणसुद्धा असू शकते आणि तिथे वेळ घालवणे म्हणजे जीव घालवणे. त्या म्हाताऱ्याला तुमच्या वडिलांनी हाकलून दिले नाही, हे त्यांनी चांगलेच केले. मात्र त्या विषाणूवर या गोळीचा काहीही परिणाम होत नाही, आणि त्या कुत्र्याला खरी गरज सलाइनची होती. माझे भांडण आहे ते बुंदीवाल्या कुत्र्याच्या गोळीशी. त्याला एखादी वेळ उपाशी ठेवा, पाणी भरपूर द्या, मग मऊ भात आणि उकडलेली कोंबडी थोडी थोडी द्या. ही चिठ्ठी तुमच्या वडिलांनी दुकानात लावली, तर मी स्वतः येऊन त्यांच्या पाया पडेन.

काउंटरच्या मागून

पाया पडू नका. वडील तुमच्याहून लहान आहेत. चिठ्ठी लावतो. पण ज्याला चिठ्ठीवर विश्वास नाही, तो पुढच्या गावातल्या दुकानातून गोळी घेईल आणि आमचे गिऱ्हाईक तुटेल, एवढे तुम्हाला माहीत असू द्या.

रानवारा

गोळीवरून वीस संदेश झाले, आता मूळ विषयाकडे वळू या. फिनलंडच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले की, गावाकडे राहणाऱ्या कुत्र्यांत ॲलर्जी शहरी कुत्र्यांपेक्षा कमी असते. म्हणजे वाघ्याच्या तब्येतीचे श्रेय भाकरीला नसून माती, शेण आणि रानाला आहे, असे मी म्हणालो तर चालेल काय? शिवाय 64 कुत्र्यांवरचा त्याच वर्षीचा अभ्यास आहे, ज्यात आहारातील प्रथिनांचे प्रमाण बदलताच सगळ्यांच्या आतड्यातले जिवाणू बदलले.

बांधावरचा

फिनलंडच्या त्या मंडळींनी जिवाणू तपासले ते कातडीवरचे. आतड्यातले नव्हेत. माझ्यावर गफलतीचा आरोप करून तुम्ही तीच गफलत केली, म्हणून मला आज जेवण दोन घास जास्त जाईल.

64 कुत्र्यांचा अभ्यास मात्र मीही ऐकून आहे. ती सगळी लॅब्राडोर आणि बीगल होती, आणि पशुखाद्य बनवणाऱ्या कंपनीचे लोक त्या अभ्यासात होते. तरीही त्यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, कुत्र्याच्या आतड्यातील जिवाणूंचे जनुक उंदीर-डुकरांपेक्षा माणसाच्या जिवाणूंशी अधिक जुळतात. दोन, आहार बदलल्यावर लठ्ठ कुत्र्यांतील वस्ती सडपातळ कुत्र्यांपेक्षा जास्त ढवळली गेली. तेव्हा भाऊ, विचारतो म्हणून रागावू नका, तुमच्या लॅब्राडोरचे वजन किती?

शिळ्या भाकरीचेही सांगतो. शिजलेले पिष्ट थंड झाले की त्याचा काही भाग पचायला चिवट होतो. तो लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो, आणि तिथले जिवाणू त्याला आंबवून जी आम्ले तयार करतात, ती आतड्याच्या अस्तराला पोसतात. आदल्या रात्रीची भाकर घालणारी माझी आई हे शिकली नव्हती. तिला फक्त अन्न वाया घालवायचे नव्हते.

वणीची माहेरवाशीण

भाकरीचे ठीक आहे, पण वरणाला कांदा-लसणाची फोडणी असेल तर ते पाणी कुत्र्याला घालू नका. कांद्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि ताकाचे फार कौतुक नको. त्यातले जिवाणू कुत्र्याच्या आतड्यात सहसा घर करून राहत नाहीत. ताक बंद, की पाहुणे परत.

पुण्याच्या भाच्याने कुत्रीची विष्ठा तपासायला दिली, तर अहवालात फ्युजोबॅक्टेरिया भरपूर निघाले. माणसात यांचा आतड्याच्या कर्करोगाशी संबंध जोडतात, असे त्याने कुठेतरी वाचले आणि घरात रडारड झाली. काकांनी वर सांगितलेलेच हे जिवाणू ना? मग कुत्र्यात ते असणे चांगलेच म्हणायचे?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

होय ताई. निरोगी कुत्र्यात ते भरपूर असतात आणि जुलाब झाल्यावर कमी होतात. भाच्याला सांगा, रडायचे असेल तर अहवालाच्या बिलाकडे पाहून रडावे.

रानवारा, तुम्हालाही एक सांगतो. कच्च्या मांसाने शौच घट्ट आणि कमी होते, हे खरे आहे. पण त्या आहारावरच्या निरोगी कुत्र्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जुलाबाशी जोडला जाणारा जिवाणू वाढलेला आढळतो, आणि कुत्रे ठणठणीत दिसत असूनही त्याच्या विष्ठेतून माणसालाही आजारी पाडणारा साल्मोनेला हा जिवाणू बाहेर पडू शकतो. घरात लहान मूल असेल तर मांस उकडून घाला.

रानवारा

वजन एकेचाळीस किलो आहे. हसा.

घरात तीन वर्षांची मुलगी आहे, म्हणून उद्यापासून कोंबडी उकडून घालीन, आणि बांधावरच्यांच्या मातोश्रींच्या आदराखातर एक चतकोर शिळी भाकरही घालीन. आठ दिवसांनी शौच कसे आहे ते इथेच कळवतो, छायाचित्रासह.

बांधावरचा

कळवा. छायाचित्र नको.