शब्दचर्चा: वाईन ‘मुरते’ की ‘निवळते’?

बोर्दोवासी
आईबाबा इथे फ्रान्समध्ये बोर्दोला आले आहेत. काल पोइयाक या इथल्या गावच्या वाईनची २०१० सालची बाटली उघडली आणि इथे रोज कानावर पडणारे शब्द मराठीत सांगताना माझी त-त-प-प झाली. आईने पहिला घोट घेतला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “जांभळाची बी चावल्यासारखं झालं रे.” बाबा म्हणाले, “एवढी वर्षं मुरवून हे असं?” ते ‘मुरवून’ मला खटकलं, पण का खटकलं ते सांगता येईना. तर प्रश्न दोन. वाईनमधल्या टॅनिनला, म्हणजे जीभ आवळणाऱ्या त्या पदार्थाला, ‘तुरटपणा’ म्हटलं की काम भागतं का? आणि वाईन मुरते का?

हिरडा
तुमच्या आईंना दाद द्यायला हवी, अगदी नेमकं बोलल्या. काबर्ने सोव्हिन्योंचं टॅनिन येतं ते सालीतून आणि बियांतूनच, आणि पोइयाकमध्ये याच द्राक्षाचा वरचष्मा.

टॅनिन हा शब्द मुळात चांभारवाड्यातला. ओकच्या सालीच्या ज्या पुडीने कातडं कमवायचे तिला फ्रेंचमध्ये ‘तां’ म्हणतात. आपल्याकडे त्याच कामाला बाभळीची साल आणि हिरडा. कातड्यातल्या प्रथिनांना जे धरतं तेच तोंडात लाळेतल्या प्रथिनांना धरतं. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासायला लागते. म्हणून तुरट ही खरं तर चव कमी आणि स्पर्श जास्त. आयुर्वेदाने मात्र ‘कषाय’ला सहा रसांत मानाने बसवलं आहे. माझं मत: पदार्थाला टॅनिनच म्हणा, जिभेला जे होतं त्याला तुरटपणा. आणि कृपा करून त्याला ‘कडू’ म्हणू नका. कडू कारलं, तुरट सुपारी. इतका साधा फरक वाईनच्या मराठी लेखांत सर्रास पुसला जातो.

फडताळ
मुरण्याबद्दल. लोणचं मुरतं म्हणजे मीठ-मसाला फोडीत शिरतो. पाणी जमिनीत मुरतं. मुरायला काहीतरी दुसऱ्यात जिरावं लागतं. बंद बाटलीत काय कशात जिरणार? तुमचं खटकणं बरोबर आहे.

बोर्दोवासी
पण फडताळकाका, बाटलीत भरण्याआधी ही वाईन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात दीड वर्षाच्या आसपास असते. तिथे लाकूड तिच्यात शिरतंच की! व्हॅनिलाचा, भाजल्याचा वास तिथलाच.

फडताळ
मग पिंपात ‘मुरते’ म्हणा, हरकत मागे घेतो. त्या काळाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?

बोर्दोवासी
‘एल्व्हाज’. म्हणजे संगोपन. गुरं पाळण्यालाही हाच शब्द. आणि पुढे बाटलीत वर्षानुवर्षं टिकणारी ती ‘व्हॅं द गार्द’, राखून ठेवायची वाईन.

फडताळ
संगोपन! मग ऐका गंमत. आपला ‘मुरब्बा’ मुरण्यातून आला असं सगळ्यांना वाटतं, पण तो अरबीतून आलाय. त्या धातूचा अर्थ वाढवणं, जोपासणं. ‘मुरब्बी’ही त्यातलाच, मूळ अर्थ पालनकर्ता. म्हणजे फळाला साखरेत ‘वाढवणारे’ ते आणि द्राक्षाला लाकडात ‘वाढवणारे’ हे, दोघांच्या डोक्यात कल्पना एकच.

हिरडा
बाटलीतल्या काळासाठी माझ्याकडे शब्द आहे: निवळणे. तिथे होतं ते असं. टॅनिनचे आणि रंगाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, जड झाले की तळाशी बसतात. जांभळट रंग माणकासारखा होतो, मग कडेने विटकरी. जिभेचं घासणं कमी होतं. गढूळ पाणी निवळतं तसं, आणि राग निवळतो तसंही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आयते मिळतात. तळाच्या गाळाला आपल्याकडे ‘साका’ आहेच. बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरून, साका यायला लागला की हात थांबवत, वरचं ओतून घेतात ते ‘निवळ काढणं’. ताकाची काढतो तीच.

जाता जाता: पिंपातली वाईन निवळायला बोर्दोत पूर्वापार अंड्याचा पांढरा बलक वापरतात. तिथेही प्रथिनंच टॅनिनला धरून खाली बसतात. आपण पाण्यात तुरटी फिरवतो. तुरट वाईन, निवळायची तुरटी... असो, ही माझी कोटी, व्युत्पत्ती नव्हे.

चखणेबहाद्दर
आणि वेळ टळून गेली तर? ‘शिळी’ म्हणायचं?

फडताळ
शिळी भाकरी. वाईन ‘उतरली’ म्हणा, आंबा उतरतो तशी. बुचामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ‘कुबट’. हवा लागून व्हिनेगरकडे झुकली तर ‘आंबली’. यांतला एकही शब्द नवा घडवावा लागत नाही.

चखणेबहाद्दर
बरं, माझ्या खात्यातलं विचारतो. पेअरिंगला, म्हणजे वाईनशी खाणं जुळवण्याला, ‘चखणा’ चालेल?

बोर्दोवासी
चखणा दारूची सोय बघतो, इथे उलट आहे. पोइयाकचं कोवळं कोकरू भाजून पानात येतं, आणि वाईन त्याच्या *तोंडी लावायला* असते. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात, मिठाने तुरटपणा बोथट होतो. तिखटाने मात्र दारूची धग भडकते, म्हणून मिरचीचा ठेचा लांब ठेवा. ‘खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्लाही जुन्या, गारठलेल्या फ्रेंच घरांतला. १६ ते १८ अंश पुरे. पुण्याच्या मे महिन्यातली खोली त्यात बसत नाही.

काल तेच झालं. कोकराच्या घासाबरोबर आईने दुसरा घोट घेतला आणि काही बोलली नाही, फक्त ग्लास पुढे केला. बाटलीत उरलेला साका मी मोरीत ओतणार होतो. तिने हातातून बाटली काढून घेतली आणि तो रश्श्यात घातला. त्याला काय म्हणायचं ते कृपया कोणी विचारू नका.