धंदेशिक्षण म्हणजे "मागे पडलेल्यांची सोय"?

लेथवाला
परवाच्या एका धाग्यावर वाचलं: "शाळेत धंदेशिक्षण ही अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय आहे, हुशार मुलांचा वेळ त्यात घालवू नये." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी नववीत गणितात नापास झालेला. दहावीत वर्कशॉपमध्ये सरांनी लेथवर टेपरचा जॉब दिला, म्हणजे मशीनवर फिरणारी गोल सळई तासून निमुळती करायची. ५० मिमी लांबीत व्यास ४० वरून ३० वर आणायचा. मी दहा भागिले पन्नास करून कंपाउंड स्लाइड (टूल तिरकं सरकवणारा भाग) ११.३ अंशांवर लावली. टोकाशी व्हर्नियर धरला तर व्यास ३० ऐवजी २०! जॉब वाया. सर ओरडले नाहीत. म्हणाले, "टूल एका बाजूनं आत जातं, व्यास दोन्ही बाजूंनी घटतो. निम्मं कर." टॅन म्हणजे काय (कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू) ते मला त्या दिवशी कळलं. वर्षभर फळ्याकडे बघून कळलं नव्हतं.

अनुभव पुरत नसेल तर अमेरिकेतल्या करिअर अकॅडमींचा, म्हणजे शाळेतच नेहमीच्या विषयांबरोबर धंदेशिक्षण देणाऱ्या वर्गांचा, अभ्यास बघा. प्रवेश सोडत काढून दिले होते, म्हणजे हुशार मुलं वेचून घेतलेली नव्हती. शाळा संपल्यावर पुढची आठ वर्षं त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा सरासरी ११ टक्के जास्त होती आणि त्यापायी कॉलेज पूर्ण करणारे घटले नाहीत. आता सांगा, ही सोय कुणाची?

रानपाखरू
असहमत. तुमचं भलं झालं, चांगलंच आहे. आमच्या शाळेत मुलांना वायरिंग, मुलींना शिवण. कुणी विचारलंसुद्धा नाही. मला फ्यूज का उडतो ते समजून घ्यायचं होतं, मी दोन वर्षं काजं केली. आणि त्याच अभ्यासात कमाईतली वाढ मुख्यतः मुलग्यांची होती, मुलींमध्ये ठळक फरक दिसला नाही. ते का गाळलंत?

लेथवाला
गाळलं नाही, राहून गेलं. शिवण लादली हा तुमच्या शाळेचा दोष, धंदेशिक्षणाचा नाही.

रानपाखरू
लादणं हाच तर प्रश्न आहे! जर्मनीचं कौतुक सगळे करतात, पण तिथं बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. दहा वर्षांच्या पोराची वाट दुसरंच कुणीतरी ठरवणार?

गणितवाली
अवांतर आहे, पण राहवत नाही. "निम्मं कर" म्हणजे व्यासातला फरक निम्मा, कोन नव्हे. ११.३ चं निम्मं ५.६५, खरा कोन ५.७१. इथे फरक किरकोळ वाटतो, पण त्याच लांबीत ६० वरून २० वर या. कोन निम्मा केलात तर १९.३, खरा येतो २१.८. अडीच अंशांनी जॉब गेला. हे "का" फळ्यावरच कळतं.

लेथवाला
ताई, कोन निम्मा कर असं मी लिहिलंय कुठे?

गणितवाली
फरक निम्मा असंही लिहिलं नाहीत. आणि फळ्याला नावं ठेवताना साठ जणांच्या वर्गात उभं राहून शिकवणाऱ्या बाईचा एकदा विचार करा. मला पण लेथ हवाय वर्गात. देतं कोण?

जुना फिटर
तीस वर्षं कोन निम्मा करून लावतोय. ट्रायल कट घ्यायचा, डायल (मापाचं घड्याळ) लावायचा, हलक्या हातानं दुरुस्त करायचं. टॅन लागतो कुणाला?

गणितवाली
काका, तुमचा हात तीस वर्षांचा आहे. पंधरा वर्षांच्या पोराकडे तो नसतो, त्याला टॅनच लागतो.

जुना फिटर
बरं, हे मान्य. पण सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, दोन व्यास आणि लांबी घातली की झालं, कोन कुणी विचारत नाही. शाळेत अजून जुन्या लेथवरच घासताहेत पोरं. शिकून बाहेर पडेपर्यंत मशीनच बदललेलं.

रानपाखरू
तेच तर! ११ देशांची आकडेवारी घेऊन केलेला, २०१७ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. धंदेशिक्षण घेतलेल्यांना नोकरी लवकर लागते, पण वय वाढलं की सामान्य शिक्षणवाले पुढे जातात. एकाच मशीनला बांधलात की असंच होणार.

लेथवाला
मशीनला बांधा असं कोण म्हणतंय? चुकलेला जॉब हातात धरून बसायला लागलं, ते मला कुठल्याही मशीनवर उपयोगी पडलं. तुमचं म्हणणं घ्यायचं तर मग सगळ्यांनाच द्या. पहिल्या नंबरालाही, मुलींनाही. दोन वर्षं, आणि निवड त्यानंतर. मुलींचा मुद्दा मी सोडायला नको होता, चूक माझी.

गणितवाली
तुमच्या त्या जॉबचं ड्रॉइंग असेल तर टाका. उद्या वर्गात चुकलेला कोन आधी काढायला देणार आहे.

रानपाखरू
एवढी चर्चा झाली, त्यातली अर्धी कोनावर. सगळ्यांना देणार असाल तर माझा विरोध नाही. पण लेथजवळ उभं कोणाला करतात आणि झाडलोट कोणाकडे देतात, ते बघितल्यावरच मी हो म्हणेन.