विषय: २१ तारखेची यादी – अनोळखी माणसांचं काय वाचायचं? (शुक्रवारच्या आत सांगा)

सेक्रेटरी:
मंडळी, रस्त्यावर राहून वारलेल्या बेघर माणसांच्या स्मरणाचा आपला २१ डिसेंबरचा कार्यक्रम आहे, त्यासाठी कोल्हापूरहून भाच्यानं तिथल्या अशा माणसांची यादी पाठवलीय, पेपरात ओळख पटवायला पोलिसांची जी आवाहनं येतात त्यातून काढलेली. बऱ्याच ठिकाणी नावच नाही, ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५५, सावळा, निळा शर्ट, उजव्या हातावर गोंदलेलं’ एवढंच. इथं अमेरिकेत आपल्या गावच्या कार्यक्रमात तर नावं वाचतात आणि प्रत्येकाला एक घंटा. आपण काय वाचायचं? वहिनी, निवेदन तुमच्याकडं आहे.

उत्तरेश्वर वहिनी:
नावं आहेत ती वाचू, बाकीच्यांसाठी शेवटी एकच ओळ, ‘ज्यांची नावं कळली नाहीत ते सगळे’. कपड्यांची वर्णनं माइकवरून वाचायला मला तरी जमणार नाही.

शिवाजी पेठ:
वहिनी, मला हे अजिबात पटलेलं नाही. एका ओळीत दहाजण गुंडाळायचे तर कार्यक्रम कशाला? आमच्या दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा झोपायचा, आख्खी गल्ली त्याला मामा म्हणायची, आई सणाला पोळी द्यायची, गेला तेव्हा पंचनाम्यात ‘अनोळखी इसम’ लिहिलं कारण आडनाव कुणालाच सांगता येईना. रोज दिसणारा माणूस अनोळखी कसा? सीपीआरच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, शवागारात ठेवून वाट बघितली, कोण येणार होतं.

खजिनदार:
मुळात २१ डिसेंबरच का? सर्वपित्री असते की, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठीच. नाहीतर त्रिपुरी पौर्णिमा, पंचगंगा घाटावर पणत्या असतातच.

सेक्रेटरी:
त्रिपुरीला घाटावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी, तिथं कोण ऐकणार. २१ डिसेंबर म्हणजे वर्षातली मोठ्यातली मोठी रात्र, उघड्यावर झोपणाऱ्याला सगळ्यात जड, म्हणून अमेरिकेत नॅशनल कोअ‍ॅलिशन फॉर द होमलेस १९९० पासून हाच दिवस पाळते. गावचा कार्यक्रमही तेव्हाच, त्याला जोडून आपला. आणि यादीतले सगळे हिंदूच असतील असं थोडंच आहे.

राजारामपुरी:
बरोबर. कोविडात बैतुलमाल कमिटीच्या, म्हणजे तिथल्या मुस्लिम सेवाभावी संस्थेच्या, पोरांनी हिंदूंचे अंत्यविधी केलेले विसरू नका. दहन महापालिका फुकट करते, होळीला लोक शेणी (गोवऱ्या) दान करतात त्यातून. या वर्षी मंडळानं शेणींना पैसे द्यावेत.

खजिनदार:
देणगीचा विषय आधी कमिटीत येऊ दे, या ईमेलच्या लिस्टवर परस्पर आकडे नकोत.

राजारामपुरी:
आकडा कुठं टाकला मी?

शिवाजी पेठ:
यादीवर या की. भाच्याला म्हणावं जिथं माणूस सापडला तिथल्या चहावाल्याला, हमालांना, अंबाबाईच्या दारातल्या फुलवाल्यांना विचार, हाक काय मारायचे. पोलिसांना आडनाव, गाव लागतं, आपल्याला कुठं लागतंय.

भाचा (कोल्हापूर):
काका, निळ्या शर्टवाल्यांबद्दल सीबीएसवर, मध्यवर्ती बसस्टँडवर, विचारून आलो. चहावाल्यानं लगेच सांगितलं, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. गाड्यांच्या पाट्या वाचता येत नाहीत त्यांना गाडी दाखवायचे, जोतिबाच्या यात्रेत तर दिवसभर. रेल्वे स्टेशनजवळच्या बाई राहिल्यात, उद्या जातो. अजून दोघांचं काहीच कळेना.

उत्तरेश्वर वहिनी:
‘मास्तर, बसस्टँड, कोल्हापूर’ असं वाचते मग. स्वतंत्र, घंटेसहित. त्या दोघांचं काही कळलं नाही तर वय आणि जागा वाचू, गोंदलेलंही सांगू, कपडे नकोत. तेवढं ऐका माझं. बाळा, फोटो लिस्टवर टाकू नकोस कुणाचे, घरच्यांपर्यंत अजून पोचलं नसेल तर असं कळायला नको.

शिवाजी पेठ:
चालेल वहिनी. आमच्या मामांचं नाव घालाल? पुष्कळ वर्षं झाली, पण कुणी कधी घेतलेलं नाही.

उत्तरेश्वर वहिनी:
पहिलंच घेते.

सेक्रेटरी:
ठरलं. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे कोल्हापुरात २२ ला सकाळचे सहा, भाचा घाटावरून जोडला जाणार, आदल्या दिवशी रेंज बघून ठेव रे. घंटा कोण आणतंय?