सबवूफर सतत घुमतो, पंखा लावला की झर्रर्र. अर्थिंगची पिन कापू का?

गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक)
५.१ चा (पाच स्पीकर, एक सबवूफर) होम थिएटर सेट आहे. रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) दोन पिनांचा, टीव्ही आणि सबवूफर तीन पिनांचे. सब सोफ्यामागे, त्याची ८ मीटर आरसीए केबल (आवाजाचा सिग्नल आणणारी) भिंतीतल्या पाइपातून आणली आहे. केबलचा सेट-टॉप बॉक्स टीव्हीला, टीव्हीचा आवाज एचडीएमआय एआरसीवरून रिसीव्हरला. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी सबमधून घूंऽऽ चालूच. शिवाय पंखा दोन-तीनवर ठेवला की सगळ्याच स्पीकरमधून झर्रर्र, पूर्ण वेगावर मात्र नाही. वायरमन म्हणतो, सबची अर्थिंगची पिन कापा, घूं जाईल. कापू का?

तारयंत्री
कापू नका. घूं जाईल हे खरंय, म्हणून तर लोक फसतात. उद्या सबच्या आत फेज पत्र्याला टेकला तर करंटला जमिनीत जायला वाटच नाही. एमसीबी पडणार नाही आणि पत्र्यात २३० व्होल्ट तसेच बसून राहतील.

तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या एकत्र शोधू नका. आधी घूं. तो ५० हर्ट्झचा आहे आणि सब नेमका तिथेच दणकट वाजतो, म्हणून आधी तिथे ऐकू येतो. रिसीव्हरला स्वतःचा अर्थ नाही, पण एचडीएमआयमधून तो टीव्हीला, टीव्हीतून बॉक्सला आणि तिथून कोॲक्सच्या (केबलवाल्याच्या गोल वायरच्या) जाळीला जोडलेला आहे. ती जाळी बाहेर कुठेतरी दुसरीकडेच अर्थ झालेली असते. सबचा अर्थ त्याच्या सॉकेटमधून येतो. दोन अर्थांत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्याचा करंट आरसीएच्या जाळीतून वाहतो, आणि सबला तोही सिग्नलच वाटतो.

तपासणी अशी करा. सबची आरसीए सबच्याच टोकाला काढा. तरी घुमला तर सबच्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर बघायला हवेत, बाकी काही शोधू नका. शांत झाला तर केबल परत लावा आणि बॉक्सचा कोॲक्स पूर्ण काढा, नुसता सैल करून चालत नाही. आता शांत झाला तर चोर सापडला. एक चूक मात्र टाळा: आरसीएचं एक टोक सबला आणि दुसरं मोकळं ठेवून ऐकू नका. मोकळी केबल कशीही घुमतेच, त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

सातपूर_वायरिंग
याआधी मीटर लावा. टीव्हीच्या सॉकेटमध्ये तीन मोजणी: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. घरात थोडा लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ १ ते ३ व्होल्ट ठीक. ५ च्या वर गेलं किंवा फेज-अर्थ फेज-न्यूट्रलपेक्षा बरंच कमी आलं तर अर्थ अशक्त आहे. आपल्याकडे मुरुमाखाली काळा पाषाण लागतो, अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही, आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला सांगा, पट्टीचा बोल्ट गंजलाय का तेही बघा.

आणि लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ बरोबर शून्य आलं तर खूश होऊ नका.

गोदाकाठ
शून्यच आलं! गीझर चालू असतानाही ०.० व्होल्ट. कोॲक्स काढला तर घूं जवळजवळ गेला, अगदी बारीक राहिला.

सातपूर_वायरिंग
मेन बंद करून तो बोर्ड उघडायला लावा. सॉकेटच्या अर्थ आणि न्यूट्रलमध्ये छोटा तुकडा जोडलेला दिसेल, हिरवी वायर मागे गुंडाळून ठेवलेली असेल. अर्थ मिळत नाही म्हणून केलेला हा जुना जुगाड. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर टीव्हीचा पत्रा थेट जिवंत होतो, त्यापुढे आवाज ही किरकोळ गोष्ट. तुकडा काढा, हिरवी वायर लावा, मग पुन्हा मोजा.  ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

तारयंत्री
त्यानंतर टीव्ही, रिसीव्हर, सब एकाच सॉकेटवरच्या चांगल्या एक्स्टेन्शनवर घ्या. ६ अँपिअरला १३८० वॅट मिळतात, तिन्ही मिळून तेवढं घेत नाहीत. अर्थ एकाच बिंदूवर आला की निम्मा त्रास तिथेच मिटतो. कोॲक्ससाठी ७५ ओहमचा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर घ्या (सिग्नल जाऊ देतो, अर्थचा करंट अडवतो). हा केबललाच चालतो. डिशला लावला तर एलएनबीला (डिशच्या टोकावरच्या डबीला) वर जाणारे १३/१८ व्होल्ट अडतात आणि ‘नो सिग्नल’ येतं. डिशवाल्यांनी टीव्ही ते रिसीव्हर ऑप्टिकल केबल टाकावी, पण एचडीएमआय काढल्याशिवाय फायदा नाही. ऑप्टिकलवर डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, ॲटमॉस नाही.

सबच्या आरसीएत बसणारा ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर हा शेवटचा उपाय. स्वस्तातल्याचा कोअर लहान, ४० हर्ट्झखालचा बास पातळ होतो. मग सब घेतला कशाला?

पंखा: तुमचा रेग्युलेटर ट्रायॅकचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) आहे. तो दर अर्ध्या सायकलला लाट कापतो, म्हणजे सेकंदाला १०० झटके. पूर्ण वेगावर कापत नाही, म्हणून तिथे शांतता. कपॅसिटर टाइप रेग्युलेटर बसवा. दुकानात नुसतं ‘स्टेपवाला’ म्हणू नका, काही स्टेपवाल्यांतही ट्रायॅकच असतो.

पंचवटीकर
वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पुन्हा झर्रर्र आलं तर गोंधळू नका. स्क्वेअर वेव्हचा असेल तर ते येणारच. कान आधी रिसीव्हरच्या डब्याला लावा. स्पीकरऐवजी डबाच गुरगुरत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर आहे, कुठलीही केबल बदलून थांबणार नाही. साइन वेव्ह घ्या, नाहीतर थिएटर इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा.

गोदाकाठ
तुकडा निघाला, हिरवी वायर खरंच गुंडाळलेली होती. न्यूट्रल-अर्थ आता २.१. आयसोलेटर आणला, पण लावल्यावरही बारीक घूं आहे.

तारयंत्री
कुठे लावलाय? बॉक्सला लागून लावा. आणि त्याच्या केबलकडच्या बाजूचा धातू टीव्हीच्या स्टँडला किंवा पत्र्याला टेकत नाही ना, ते बघा. टेकला की अर्थचा फेरा पुन्हा पूर्ण होतो. त्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

गोदाकाठ
स्टँडलाच टेकत होता. गेला.