‘रजोनिवृत्तिपूर्व काळ’ हा प्रतिशब्द बरोबर आहे का?

प्रश्न :
स्त्रियांच्या आरोग्याविषयीच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद तपासताना ‘पेरिमेनोपॉज’साठी (पाळी कायमची थांबण्याच्या, म्हणजे रजोनिवृत्तीच्या आसपासचा काळ) ‘रजोनिवृत्तिपूर्व काळ’ हा शब्द आढळला आणि लगेच पुढे ‘या काळात संप्रेरकांची (हॉर्मोन्सची) घट होते’ असे वाक्य आले. दोन्ही ठिकाणी शब्द अर्थापासून किंचित सरकला आहे, असे मला वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १ :
शंका रास्त आहे. पाळी कायमची थांबली, हे शेवटच्या पाळीनंतर १२ महिने उलटल्यावरच, मागे वळून पाहून सांगता येते आणि वैद्यकशास्त्र ते १२ महिनेसुद्धा पेरिमेनोपॉजमध्येच धरते. ‘पूर्व’ म्हटले की हे अखेरचे वर्ष बाहेर पडते. ग्रीक ‘पेरि’ आणि संस्कृत ‘परि’ ही सख्खी भावंडे असून ‘परिघ’, ‘परिसर’ या शब्दांतला ‘भोवतालचा’ हा अर्थच येथे अभिप्रेत आहे. त्या न्यायाने ‘परिरजोनिवृत्ती’ हा शब्द बिनचूक ठरेल, पण तो दोनदा मोठ्याने म्हणून पाहावा. वापरात टिकेल असे वाटत नाही. ‘ऋतुसंधी’ कानाला गोड आहे, मात्र आयुर्वेदाने तो एक ऋतू संपून दुसरा सुरू होतानाच्या दिवसांसाठी आधीच योजला आहे. मी ‘रजोनिवृत्तीचा संधिकाल’ असे लिहितो, कारण संधिकाल हा रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे असा दोन्हीकडे पसरलेला असतो.

प्रतिसाद २ :
‘घट’ या शब्दाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. अंडाशयातील बीजपुटकांची (स्त्रीबीज ज्यात वाढते त्या सूक्ष्म पिशव्यांची) संख्या कमी होत गेली की त्यांच्यापासून स्रवणारे इनहिबिन बी हे संप्रेरक कमी पडते, त्यामुळे पिट्यूटरी ग्रंथीवरचा लगाम सैल होऊन तिचे एफएसएच (बीजपुटकांच्या वाढीला चालना देणारे संप्रेरक) वाढते आणि त्या रेट्याखाली इस्ट्रोजेन काही चक्रांत पूर्वीपेक्षाही वर जाते, तर काही चक्रांत एकदम खाली येते. ज्या महिन्यात स्त्रीबीज बाहेरच पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन फारसे तयार होत नाही. म्हणजे एक संप्रेरक वाढते आहे, एक हेलकावे खाते आहे आणि एक अधूनमधून गैरहजर आहे. या साऱ्याला सरसकट ‘घट’ म्हटले, तर स्तन दुखणे किंवा अतिरक्तस्राव होणे या तक्रारींचा उलगडाच होत नाही. इस्ट्रोजेन खालच्या पातळीवर स्थिरावते ते पुढे. ‘असंतुलन’ हा शब्दही मला पटत नाही; त्यात आजाराचा वास येतो. ‘चढउतार’ हा साधा शब्द येथे चपखल बसतो.

जाता जाता : ‘हॉर्मोन’ हा शब्द ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून रूढ केला आणि आपल्या ‘संप्रेरक’मध्येही ‘प्रेरणे’चाच धातू आहे. इतके नेमके प्रतिशब्द क्वचितच सापडतात.

प्रतिसाद ३ :
बोलीतील शब्दांकडेही पाहावे. ‘पाळी’ म्हणजे ठरलेली खेप. दोन पाळ्यांमधले अंतर कधी २४ दिवस, कधी ३८, मग पुन्हा २६ असे होऊ लागले की ती खेपच हुकते. लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत ७ किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागणे, ही संधिकाल सुरू झाल्याची खूण मानली जाते. पुढे ६० किंवा अधिक दिवस पाळी न येणे ही उत्तरार्धाची. चार महिने पाळी न आलेली बाई ‘माझी पाळी गेली’ म्हणते आणि पाचव्या महिन्यात ती पुन्हा येते. तेव्हा पुस्तिकेत ‘पाळी जाणे’ आणि ‘पाळी लांबणे’ यांची गल्लत होऊ देऊ नये. उलट, १२ महिन्यांनंतर झालेल्या रक्तस्रावाला ‘पाळी परत आली’ म्हणणे धोक्याचे आहे, कारण तो डॉक्टरांकडून तपासून घ्यावाच लागतो. ‘पाळी चुकणे’ मात्र जपून वापरावे, कारण त्यातून गर्भधारणा सूचित होते आणि या काळात ती शक्यता कमी झाली तरी संपलेली नसते.

प्रश्नकर्तीचे उत्तर :
‘संधिकाल’ आणि ‘चढउतार’ हे दोन्ही बदल केले आहेत. शीर्षकात मात्र ‘पेरिमेनोपॉज’ तसाच ठेवला आहे, कारण डॉक्टरांच्या तोंडून स्त्रिया तोच शब्द ऐकणार आहेत.