मदत हवी आहे: ३० अँपचा ट्रेलर, जळालेला अडॅप्टर आणि मित्राच्या गॅरेजमधलं ड्रायरचं सॉकेट

धागाकर्ता: चाकावरचं_घर

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन फिरणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. शनिवारच्या आत उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

आम्ही या वसंतात एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं छोटं घर, घेतला. एकच एसी आणि ३० अँपची केबल. आधीच्या मालकाने सोबत अडॅप्टरांची एक पिशवीच दिली आणि सांगितलं, "यातलं काहीतरी कुठेही बसतंच." तेव्हा ते ऐकून हायसं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात एका स्टेट पार्कात उतरलो. विजेच्या खांबावर ५०, ३० आणि २० अँप अशी तीन सॉकेटं होती. ३० च्या सॉकेटात आमचा प्लग ढिला बसत होता, जरा हलला की एसी बंद पडायचा. म्हणून पिशवीतला एक गोल, थाळीसारखा अडॅप्टर काढून ५० च्या सॉकेटात जोडणी केली. सकाळ छान गेली. दुपारी एसी चालू, त्यात बायकोने मुलांसाठी मायक्रोवेव्ह लावला, आणि थोड्या वेळाने जळक्या प्लॅस्टिकचा वास. अडॅप्टरला हात लावला तर चटका बसला. ब्रेकर पाडून प्लग ओढला, तर आमच्या दोन तिरक्या पात्यांपैकी एक तपकिरी-जांभळी पडलेली, आणि अडॅप्टरच्या त्याच भोकाभोवतीचं प्लॅस्टिक फुगून वर आलेलं. मुलं आत झोपली असती तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

ब्रेकर का उडाला नाही? ३० चा ट्रेलर ५० ला जोडला हेच चुकलं का?

आणि खरी घाई यासाठी: शनिवारी मित्राकडे जातोय, ट्रेलर त्याच्या ड्राइव्हवेत उभा राहील. त्याच्या गॅरेजमध्ये कपड्यांच्या ड्रायरचं ३० अँपचं सॉकेट आहे. तो म्हणतो, "३० म्हणजे ३०, मी अडॅप्टर बनवून ठेवतो." जोडू का? एसी चालला तर मुलांना बरं पडेल.

रानवाट

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नका जोडू. मित्राला आत्ताच फोन करा.

तुमच्या ट्रेलरला एक फेज, एक न्यूट्रल आणि अर्थिंग लागतं, म्हणजे १२० व्होल्ट. ड्रायरच्या सॉकेटात दोन फेज असतात आणि त्या दोघांमध्ये २४० व्होल्ट. ३० हा आकडा फक्त अँपचा आहे, व्होल्टबद्दल तो काहीच सांगत नाही. घरगुती बनवलेल्या अडॅप्टरने दुसरी फेज तुमच्या न्यूट्रलवर आणून ठेवली, तर मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर (बॅटरी चार्ज करणारा), टीव्ही, एसीचं सर्किट क्षणात जातं. घरी आरव्हीचं सॉकेट बसवायला बोलावलेले इलेक्ट्रिशियनसुद्धा ही चूक करतात. ३० अँप ऐकलं की ड्रायरचं समजून दोन फेज ओढतात.

मित्राला विचारा, सॉकेटाला भोकं किती? चार असतील तर त्यात न्यूट्रल आणि अर्थिंग वेगळे असतात. तीनच असतील तर ते जुन्या पद्धतीचं आहे, त्यात वेगळं अर्थिंगच नसतं.

अंजू_फिरस्ती

तुमचा अडॅप्टर का जळला ते सांगते, आमचाही असाच गेला होता.

ब्रेकर करंट मोजतो, प्लगाच्या तोंडाशी किती गरम झालंय ते त्याला कळत नाही. तुमचा एसी चालताना साधारण १३ अँप घेत असेल, मायक्रोवेव्ह १२-१३, फ्रिज विजेवर असेल तर आणखी ३. म्हणजे ३० च्या आतच, पण अगदी काठावर. तेवढा करंट घट्ट बसलेल्या पात्यातून निमूट जातो. पातं ढिलं किंवा काळं पडलेलं असेल तर तिथे विरोध वाढतो, तिथेच उष्णता होते, उष्णतेने सॉकेटातल्या पट्टीचा ताण जातो आणि ती आणखी ढिली होते. तुम्ही ३० च्या ज्या सॉकेटात आधी प्लग लावलात ते कुणीतरी असंच भाजून ठेवलेलं असणार. त्याने तुमच्या पात्याला डाग दिला, आणि तो डाग घेऊन तुम्ही अडॅप्टरमध्ये गेलात. आता फक्त अडॅप्टर बदलून भागणार नाही. प्लगचं टोक कापून नवं बसवून घ्या, नाहीतर हे पातं पुढचा अडॅप्टरही खाईल.

थाळीसारखे अडॅप्टर मला आवडत नाहीत. ते काढताना धरायला काही नसतं, माणूस केबलला हिसका देतो. मधे वीतभर जाड केबल आणि दोन्ही टोकांना मूठ असलेला घ्या, त्याला डॉगबोन म्हणतात.

३० चा ट्रेलर ५० ला जोडणं चूक नाही, आम्ही नेहमी करतो. ५० च्या सॉकेटात ५०-५० च्या दोन फेज असतात, मिळून १२,००० वॉट. बाजारातला तयार अडॅप्टर त्यातली एकच उचलतो. ट्रेलरच्या आतला मुख्य ब्रेकर ३० चाच, म्हणून तुम्हाला मिळणार ३,६०० वॉटच.

रानवाट

अंजूताईंशी सहमत, फक्त एक भर. आतला ३० चा ब्रेकर केबलच्या पुढे आहे. केबलच कुठे चिरडली, तिच्यात शॉर्ट झाला, तर मागे पहारा आहे तो ५० च्या ब्रेकरचा. म्हणून ५० ला जोडताना केबल पूर्ण उलगडा आणि हाताने चाचपून बघा. गुंडाळी करून ट्रेलरखाली टाकू नका, ती आतून तापते.

जोडायच्या आधी खांबावरचा ब्रेकर पाडायचा, मग प्लग, मग ब्रेकर चढवायचा. काढतानाही आधी ब्रेकर. चालू लोडवर प्लग ओढला की पात्यांवर ठिणगी पडते, आणि तुमच्यासारखे डाग तिथून सुरू होतात.

पैसे घालायचेच असतील तर व्होल्टेज बघून आपोआप तोडणारा प्रोटेक्टर घ्या. १०४ व्होल्टच्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की तो ट्रेलर वेगळा करतो. उन्हाळ्यात दुपारी कॅम्पग्राउंड भरलेलं असतं, सगळ्यांचे एसी चालू असतात, व्होल्टेज खाली येतं. तेव्हा एसीचा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि हळूहळू मरतो. नुसता सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा, यातलं काही थांबवत नाही.

धागाकर्ता: चाकावरचं_घर

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मित्राकडे मल्टीमीटर घेऊन गेलो. सॉकेट तीन भोकांचं निघालं. दोन तिरकी, अगदी आमच्या प्लगसारखी, पण तिसरं गोल नसून काटकोनात वळलेलं. दोन तिरक्या भोकांत मीटर लावला: २४१. त्याने बनवलेला अडॅप्टर उघडला तर आमच्या न्यूट्रलच्या पात्यावर त्याने दुसरी फेजच जोडली होती. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही. मग त्याने स्वतःच कटर आणून त्या वायरी तोडल्या.

आता गॅरेजमधल्या साध्या २० अँपच्या सॉकेटावर राहायचं ठरवलंय. तिथे जीएफसीआय आहे, म्हणजे करंट अर्थिंगला गळला की वीज तोडणारं संरक्षण. आज ट्रेलर नेऊन बघितला, तर प्लग लावला की ते लगेच उडतं. एसी, मायक्रोवेव्ह, सगळं बंद असताना. हे काय?

अंजू_फिरस्ती

ट्रेलरच्या आतले सगळे ब्रेकर पाडा आणि एकेक चढवत जा. जुन्या ट्रेलरमध्ये माझा पहिला संशय गिझरवर. टाकीत पाणी नसताना कुणी विजेवर चालू केला की एलिमेंट जळतो, फुटतो आणि करंट पाण्यातून अर्थिंगला गळतो. खांबावरच्या ३० च्या सॉकेटाला बहुतेक ठिकाणी जीएफसीआय नसतं, म्हणून तिथे कळत नाही.

आणि २० वर एसीचा मोह नको. घरातलं आणखी काही त्याच सर्किटवर असतं. एक्स्टेन्शन लागलीच तर १२ गेजची, म्हणजे जाड तारेची, आखूड. नारिंगी, बारीक, बागेत वापरायची नको.

धागाकर्ता: चाकावरचं_घर

ताई, गिझरच. त्याचा ब्रेकर चढवला की उडतं, पाडून ठेवला की सगळं शांत. तूर्तास एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवून, टोकं नीट झाकून ठेवल्यात, गरम पाणी गॅसवर. फ्रिजही गॅसवर टाकलाय, म्हणजे २० च्या सॉकेटावर दिवे, पंखे आणि बॅटरीचं चार्जिंग एवढंच. मुलं रात्री मित्राच्या घरात झोपतील.

प्लगचं नवं टोक उद्या येतंय. बसवताना कुठली वायर कुठे, याचा फोटो इथे टाकतो. वीज जोडण्याआधी कृपया कुणीतरी नजर टाका.